जकात परवडली, नाका नको

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. आंबा सडलेला नव्हता, त्यात कीडही सापडली नव्हती. कीड पसरू नये म्हणून फळावर विकिरणाची जी प्रक्रिया करावी लागते, ती ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत अमेरिकी कृषी खात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली झाली होती. घोळ होता ही प्रक्रिया झाल्याचा दाखला देणाऱ्या पीपीक्यू २०३ नावाच्या एका फॉर्ममध्ये. तो नीट दिलेला नाही, असं अमेरिकी अधिकाऱ्यांचं म्हणणं. तो तुमच्याच माणसाने दिला, असं निर्यातदारांचं म्हणणं. माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा, असे दोन पर्याय समोर आले. नाशवंत मालाचं परतीचं विमानभाडं कोण भरणार? आंबा तिथेच नष्ट झाला आणि निर्यातदारांच्या अंदाजाने सुमारे पाच लाख डॉलर पाण्यात गेले.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं ट्रम्पसाहेबांच्या टॅरिफने भरलेली होती. कुठल्या देशावर किती टक्के आणि कधीपासून, याचे आकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येत होते. हा आंबा मात्र टक्क्यांनी मेला नाही, कागदाने मेला.

माल अडवायला दरवेळी शुल्कच लागतं असं नाही, कागद पुरतो. या कागदी अडवणुकीवर जगातल्या देशांनी मिळून एक अख्खा करार केला आहे आणि भारतही त्यात आहे. त्याचं नाव इतकं रुक्ष आहे की बातमीत दिसलं तर आपण पान उलटतो: व्यापार सुलभीकरण करार. पण आपल्या पिढीला तो समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपण जकात नाके पाहिलेत.

नाका आठवतोय ना?

दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द. मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर रात्री ट्रकांची रांग. क्लीनर चाकाला पाठ टेकून डुलक्या काढतोय, ड्रायव्हर बिलांची चळत घेऊन खिडकीपाशी उभा आहे, बाजूला एजंटांच्या टेबलावर पिवळा बल्ब. पैसे भरायला कुणाची ना नव्हती. भरायचे आणि पुढे जायचं, एवढंच तर होतं. पण ते भरेपर्यंत जे तास जायचे त्यांचं डिझेल, भत्ता, हुकलेली डिलिव्हरी आणि वरची चिरीमिरी, हे कुठल्याही पावतीवर लिहिलेलं नसायचं. ते शेवटी मालाच्या किमतीत चढायचं आणि गिऱ्हाईक भरायचं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. कर संपला नाही, तो जीएसटीत भरतोच आपण. नाका संपला. व्यापार सुलभीकरण म्हणजे नेमकं एवढंच: कर किती घ्यायचा तो घ्या, पण तो घ्यायला आणि माल तपासायला लागणारा वेळ, कागद आणि हेलपाटे कमी करा. शुल्काचा दर एका टक्क्यानेही न बदलता हे करता येतं. आजच्या चर्चेत या दोन गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात, म्हणून आधीच वेगळ्या करून ठेवल्या.

देशाच्या वेशीवरचा नाका म्हणजे कस्टम्स, सरकारी मराठीत सीमाशुल्क विभाग. महापालिकेच्या नाक्यावर एक खिडकी होती. इथे कस्टम्सबरोबर अन्नसुरक्षावाले असतात, वनस्पती आणि प्राण्यांच्या रोगांची तपासणी करणारे असतात, औषधांचे वेगळे. शिवाय बंदर चालवणारे, जहाज कंपनी, आणि या सगळ्यांत तुमच्या वतीने धावणारा सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट. कायद्यात त्याला आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण न्हावा-शेव्यात अजून सगळे सीएचएच म्हणतात.

हा करार झाला कसा

सीमेवरचे नियम एकसारखे असावेत, हा विचार जुना आहे. कस्टम्स खात्यांची जागतिक संघटना १९५२ पासून ब्रुसेल्समध्ये काम करते आहे. पण तिच्या शिफारशी मानणं न मानणं बरंचसं देशांच्या मर्जीवर होतं. सक्तीचा करार करायचा तर तो जागतिक व्यापार संघटनेतच व्हायला हवा होता आणि तिथे पहिल्यापासून कुरबूर होती. १९९६ च्या सिंगापूर बैठकीत श्रीमंत देशांनी जे चार नवे विषय पुढे रेटले, त्यातला हा एक. उरलेले तीन म्हणजे गुंतवणूक, स्पर्धा धोरण आणि सरकारी खरेदी. गरीब देशांना त्यात डाव दिसला. २००३ मध्ये कानकुनची बैठक मोडली, २००४ मध्ये तीन विषय सोडून दिले गेले आणि हा एकटा टिकला, कारण कागद कमी व्हावेत हे कुणालाच अमान्य नव्हतं.

डिसेंबर २०१३ मध्ये बालीत मसुदा ठरला. ही संघटना १९९५ मध्ये सुरू झाल्यापासून सगळ्या सदस्यांनी मिळून केलेला तो पहिला करार. आणि मग जुलै २०१४ मध्ये भारताने सही अडवली.

त्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी आपल्याला बरंच झोडपलं. कारण मात्र कस्टम्सचं नव्हतंच, रेशनचं होतं. सरकार हमीभावाने गहू-तांदूळ घेतं, त्यातली सबसिडी संघटनेच्या नियमात १९८६-८८ च्या किमतींशी तुलना करून मोजतात आणि ती उत्पादनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. म्हणजे आजच्या पिकाला आजोबांच्या काळातल्या वजनमापाने तोलायचं. रेशनच्या धान्याचा प्रश्न सुटेपर्यंत आमच्यावर खटला भरणार नाही हे लिहून द्या, मग सही, असा भारताचा पवित्रा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तसं लिहून मिळालं आणि गाडी पुढे सरकली. मला तो हट्ट तेव्हाही योग्य वाटला होता. ज्याला इतरांना घाई आहे, त्याच कागदाच्या बदल्यात आपलं काम करून घ्यायचं, हे कुठल्याही तलाठी कार्यालयात गेलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

भारताने एप्रिल २०१६ मध्ये कराराला मंजुरी दिली. तेव्हाच्या १६४ सदस्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ११० देशांची मंजुरी लागणार होती. ती २२ फेब्रुवारी २०१७ ला पूर्ण झाली आणि करार लागू झाला.

करार काय करायला सांगतो

सगळी कलमं सांगत बसत नाही. सामान्य माणसाला भिडतील अशी घेतो.

नियम, फॉर्म आणि फी इंटरनेटवर जाहीर करा. साधी गोष्ट वाटते, पण कुठला कागद लागतो हे फक्त खिडकीमागच्या माणसालाच माहीत असणं, ही जगभरातली सगळ्यात जुनी कमाई आहे. जहाज पोहोचायच्या आधीच कागद घ्या आणि तपासून ठेवा. शुल्क किती यावर वाद असेल तर हमी घेऊन माल सोडा आणि वाद मागाहून घाला. नाशवंत मालाला पुढे घ्या. सगळ्या खात्यांसाठी एकच खिडकी करा, म्हणजे तीच माहिती पाच ठिकाणी द्यायला नको. आपल्याकडे ही एक खिडकी १ एप्रिल २०१६ पासून ऑनलाइन सुरू झाली. आणि माल सोडायला सरासरी किती वेळ लागतो ते मोजून जाहीर करा. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण घड्याळ लावल्याशिवाय कुठलंही खातं आपण हळू आहोत हे कबूल करत नाही.

गरीब देशांना हे कसं झेपणार, यावर केलेली सोय चांगली होती. प्रत्येक देशाने कलमांची तीन गटांत आपणच वाटणी करायची. ‘ए’मध्ये लगेच पाळतो ती. ‘बी’मध्ये वेळ द्या, मग पाळतो ती. ‘सी’मध्ये वेळही द्या आणि पैसा, यंत्रं, प्रशिक्षणही द्या, तरच पाळतो ती. मदत नाही तर बंधनही नाही. भारताने ‘सी’ गटात काहीच टाकलं नाही. बरीचशी कलमं ‘ए’मध्ये घातली, बाकीची ‘बी’मध्ये.

निफाडची द्राक्षं

आता एक कंटेनर जवळून बघू. फेब्रुवारी महिना, निफाड तालुका. बागेतून सकाळी तोडलेले घड पॅकहाऊसमध्ये येतात. बायका कात्रीने एकेक खराब मणी उडवतात, प्लास्टिकच्या डब्यांत अर्धा-अर्धा किलो भरतात. पेट्या प्रीकूलिंगला जातात, म्हणजे शून्य अंशाजवळ गार होतात, आणि मग रीफर कंटेनरमध्ये चढतात. रीफर म्हणजे चाळीस फुटी फ्रीज. रस्त्यात त्याला वीज देणारा जनरेटर त्याच्या तोंडाशीच बसवलेला असतो. साधारण तेरा टन माल आत बसतो.

या मालाच्या मागे कागदांची वेगळी बाग असते. युरोपला जाणारं द्राक्ष कुठल्या प्लॉटमधलं आहे याची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर नोंद लागते. औषधांचा अंश मर्यादेत असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला, ॲगमार्कचा दाखला, रोगराई नसल्याचा फायटोचा दाखला, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज. शिवाय भरलेल्या कंटेनरचं वजन, जे जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. यातला कुठलाच कागद निव्वळ बाबूगिरी नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यावर युरोपने आपले कंटेनर नाकारले, तेव्हा नाशिकमध्ये काय हाहाकार झाला होता तो तिथल्या कुणालाही विचारा. कागद लागतातच. प्रश्न एवढाच की ते ट्रकच्या आधी पोहोचतात की ट्रकच्या नंतर.

पूर्वी पॅकहाऊसमध्ये कंटेनर भरायचा तर सील मारायला अधिकारी यावा लागे. साहेबांची गाडी येईपर्यंत थांबायचं. २०१७ पासून निर्यातदार स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावतो. ते बंदराच्या दारात यंत्राने वाचलं जातं आणि मध्ये कुणी छेडछाड केली असेल तर कळतं. शिपिंग बिल ऑनलाइन जातं. ट्रक कसारा घाट उतरत असताना त्याची अर्धी कामं झालेली असतात. शेवटी एलईओ मिळते. ही लेट एक्स्पोर्ट ऑर्डर म्हणजे ‘जाऊ द्या’चा हुकूम. ती आली की सीएचए पार्टीला मेसेज टाकतो आणि चहा मागवतो.

आता यातल्या एका ठिकाणी एक दिवस थांबायला लागलं असं धरा. रीफर बंदरात वीज खात उभा आहे, त्याचं प्लग-इनचं बिल चढतंय, यार्डातल्या जागेचं भाडं वेगळं. जहाजाची कटऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, हुकली तर पुढचं जहाज बहुधा आठवड्याने. रॉटरडॅम गाठायला तसेही तीन-चार आठवडे लागतात, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा त्याहून जास्त लागले. द्राक्ष काही वाइन नाही की ठेवलं तर चढेल. उशिराने पोहोचलेल्या मालाला तिथे दर तोडून मिळतो आणि तो तुटलेला दर फिरून बागायतदाराच्या हिशेबात येतो. ही सुद्धा जकातच. फक्त ती कुठल्याच सरकारच्या तिजोरीत जात नाही. वेळेने खाल्लेला पैसा कुणालाच मिळत नाही.

सोडा-सोडा म्हटलं तर चोरटा माल येणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मुंबईच्या लोकलमध्ये आहे.

लोकलला फाटक नाही. प्रत्येकाचं तिकीट बघूनच आत सोडायचं ठरवलं तर सकाळी आठला ठाणे स्टेशनवर काय होईल त्याची कल्पना करा. म्हणून टीसी निवडक लोकांना धरतो. कुठल्या गाडीत, कुठल्या डब्यात, कुठल्या वेळी फुकटे जास्त, हे त्याला अनुभवाने कळतं. कस्टम्समध्येही आता हेच चालतं. याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. भारतात ते २००५ पासून आहे. आयातदार कोण, माल कुठला, कुठून आला, आधी काय सापडलं होतं, यावरून संगणक ठरवतो की कुठला कंटेनर उघडायचा, कुठल्याचे नुसते कागद बघायचे आणि कुठला तसाच सोडायचा.

वर्षानुवर्षं नीट वागणाऱ्यांना पासवाल्यासारखी वागणूक मिळते. त्यांना एईओ म्हणतात, म्हणजे मान्यताप्राप्त, विश्वासू व्यापारी. आणि माल सोडून दिला म्हणजे सुटका झाली असंही नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न आधी स्वीकारतात आणि नोटीस नंतर येते, तसं मागाहून ऑडिट होतं.

सगळे कंटेनर उघडले तर जास्त पकडलं जाईल, हा भ्रम आहे. दिवसाला शंभर पेट्या उघडणारा माणूस संध्याकाळी पेटीत बघत नाही, पेटीकडे बघतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं. कागदावर तो माल शंखजिऱ्याचे दगड होता, अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेला. तो खबरीवरून पकडला गेला.

चोरीचा दुसरा प्रकार जास्त सभ्य असतो. फ्लॅटच्या करारात किंमत कमी दाखवून बाकीची रोख द्यायची, हा प्रकार आपल्याकडे कुणाला नवा नाही. आयातीतही तेच होतं. शंभराचा माल साठाचा दाखवला की शुल्क साठावर. हे पकडायचं तर त्याच मालाची किंमत पाठवणाऱ्याने आपल्या देशात किती लिहिली होती ते कळायला हवं. करारातलं बारावं कलम यासाठी आहे. संशय आला तर एका देशाचं कस्टम्स दुसऱ्याला विचारू शकतं की या खेपेचा निर्यातीचा कागद दाखवा. या कलमासाठी भारताने वाटाघाटीत बराच जोर लावला होता. म्हणजे करारात नुसतं ‘सोडा’ नाही, ‘एकमेकांना सांगा’ पण आहे.

चकलीचा नंबर काय?

दोन देशांच्या कस्टम्सने एकमेकांशी बोलायचं तर मालाला दोघांनी एकच नाव द्यायला हवं. नावं भाषेप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे आले. १९८८ पासून चालू असलेल्या या पद्धतीला एचएस कोड म्हणतात. सहा आकडे जगभर सारखे, पुढचे आपापले. भारतात एकूण आठ. ताजी द्राक्षं जगात कुठेही ०८०६१०. पिनकोडच समजा, फक्त वस्तूंचा.

आता गंमत. आपल्या शुल्क-तक्त्यात मिठाई आणि नमकीन २१०६९०९९ या एकाच घरात राहतात. तिथल्या टिपेत मिष्टान्न, मिठाई, नमकीन, मिक्श्चर, भुजिया, चबेना अशी नावं आहेत आणि पुढे ‘किंवा आणखी कुठल्याही नावाने ओळखले जाणारे’ अशी पुस्ती जोडली आहे. म्हणजे आपला चिवडा आणि करंजी कायद्याच्या दृष्टीने सख्खे शेजारी. ज्याने कुणी ही टीप लिहिली त्याला फराळाचं ताट माहीत असणार.

पण प्रत्येक वस्तूचं इतकं सरळ नसतं. खोबरेल तेल खायचं की डोक्याला लावायचं? खाद्यतेलावर कर कमी असायचा, केशतेलावर जास्त. छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल नेमकं काय, हा अबकारी कराचा खटला वर्षानुवर्षं चालला. बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. ज्या घरात त्याच बाटलीतून फोडणीही होते आणि वेणीही, तिथे या निकालाचं आश्चर्य वाटलं नसेल.

असे वाद माल बंदरात उभा असताना झाले तर व्यापारी मेलाच. म्हणून करार सांगतो की व्यापाऱ्याने आधीच विचारावं आणि खात्याने लेखी, बंधनकारक उत्तर द्यावं. आपल्याकडे यासाठीचं प्राधिकरण दिल्ली आणि मुंबई इथे आहे. आधी विचारायची सवय मात्र अजून कमी लोकांना आहे. ‘बघू, आला माल की मॅनेज करू’ हीच जुनी पद्धत.

स्वस्त परदेशी माल आणखी लवकर येईल, त्याचं काय?

येईल. ते नाकारण्यात अर्थ नाही. रांग कमी झाली की ती सगळ्यांसाठीच कमी होते.

पण बीकेसीतल्या हिरेबाजाराकडे बघा. कच्चा हिरा परदेशातून येतो, पैलू पडतात आणि तो परदेशी जातो. त्याची निर्यात आयातीवर उभी आहे, म्हणून तर कस्टम्सचं कार्यालय बाजाराच्या आवारातच आहे. कारखान्यांची यंत्रं, सुटे भाग, रसायनं यांचंही असंच. आयात अडली की निर्यात आपोआप अडते. इथल्या उत्पादकाला संरक्षण द्यायचं असेल तर उघडपणे शुल्क लावा, संसदेत त्यावर चर्चा होऊ दे. फाइल दाबून दिलेलं संरक्षण नेमकं कुणाला मिळालं हे कधीच कळत नाही.

सगळं नीट अमलात आलं तर व्यापाराचा खर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी कमी होईल, असा जागतिक व्यापार संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. स्वतःच्याच कराराबद्दल संघटना कमी कशाला सांगेल, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. त्यातली एक बाब मात्र पटते. मोठ्या कंपनीकडे कस्टम्ससाठी वेगळा विभाग असतो, दोन दिवसांचा उशीर ती पचवते. सांगलीहून वर्षाला तीन कंटेनर हळद पाठवणाऱ्याकडे असतो एक सीएचए आणि एक मोबाइल. कागदाच्या खर्चाचा बराचसा भाग तीन कंटेनरना लागतो तितकाच तीनशेंनाही लागतो. म्हणून तो वाचला की धाकट्याचा जास्त वाचतो.

मग अजूनही दिवस का लागतात?

घड्याळ लावल्याचा फायदा इथे दिसतो. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत समुद्री बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी साडेतीन दिवस लागले. २०१७ च्या कृती आराखड्यात लक्ष्य होतं तीन दिवसांच्या आतलं. पाहणीत हेही दिसलं की जो आयातदार आधी कागद भरतो, ज्याला संगणक तपासणीविना सोडतो आणि जो एईओ आहे, त्याचा माल खूपच लवकर सुटतो. निर्यातीत तर कस्टम्सची परवानगी लवकर मिळते, पण तिच्यानंतर जहाज सुटेपर्यंत माल बंदरात पडून राहतो.

म्हणजे नुसत्या कस्टम्सला बोल लावून चालणार नाही. २०२० मध्ये फेसलेस पद्धत आली. न्हाव्या-शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, दुसऱ्याच शहरातला, तुम्हाला न दिसणारा अधिकारी बघतो. ओळखीचा उपयोग संपला, हे चांगलंच. पण शंका निघाली तर समोर बसून दोन मिनिटांत समजावता यायचं, ते आता ऑनलाइन प्रश्नोत्तरांत जातं, अशी सीएचएंची तक्रार असते. २०२१ पासून बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आदल्या दिवशीपर्यंत भरावंच लागतं, उशीर झाला तर दंड. आणि कस्टम्स मोकळं झालं तरी नमुना एखाद्या प्रयोगशाळेत अडकलेला असू शकतो. साखळीतली सगळ्यात सुस्त कडी जितकी जोरात चालेल, तितकाच ट्रक चालणार.

जमिनीवरच्या सीमा तर याहून मागे आहेत. आपला कांदा ट्रकने बांगलादेशात जातो तो मुख्यतः पश्चिम बंगालच्या नाक्यांवरून. पेट्रापोलला ट्रक सीमा ओलांडून पलीकडच्या बेनापोलला पोहोचला तरी माल तिथे उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरावा लागतो. या एका सीमेवर कित्येक दिवस जातात, असं जागतिक बँकेने २०२१ मध्ये नोंदवलं. तितकीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर सहा तासही लागत नाहीत. आफ्रिकेने काय केलं? झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर चिरुंडू इथे २००९ मध्ये दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली बसले. ट्रक दोनदा थांबायचा तो एकदाच थांबू लागला. लासलगावचा कांदा उन्हात दोनदा उतरतो-चढतो तेव्हा मला ते छप्पर आठवतं.

आणि फराळाचं पार्सल

हे सगळं बंदरावरच्या लोकांचं झालं असं वाटत असेल, तर २०२५ ची दिवाळी आठवा.

आठशे डॉलरच्या आतलं पार्सल अमेरिकेत शुल्काविना जायचं. लहानसहान मालावर शुल्क गोळा करण्याचा खर्च शुल्कापेक्षा जास्त होतो, म्हणून अशी सूट असते, आणि शक्य तिथे ती ठेवा असं हा करारही सुचवतो. अमेरिकेने ही सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्याच्या चार दिवस आधी, २५ ऑगस्टला, भारतीय टपाल खात्याने तिथल्या बहुतेक पार्सलांचं बुकिंग थांबवलं. कारण वाचण्यासारखं होतं. शुल्क आहे हे ठरलं होतं, पण ते कुणी गोळा करायचं आणि अमेरिकेच्या कस्टम्सकडे कसं पोहोचवायचं, याची यंत्रणाच तयार नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याची सोय झाल्यावर. पाच-सहा दिवसांवर लक्ष्मीपूजन होतं.

माझ्या डोंबिवलीच्या मावशीने त्या वर्षी न्यू जर्सीचा डबा खासगी कुरिअरने पाठवला. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे केला: वस्तू, वजन, कोड, किंमत. कोड त्याने कुठून तरी बघून टाकला. मग विचारलं, “काकू, चकलीची किंमत काय लावू?”

“घरच्या चकलीची कसली किंमत लावतोस?”

“शून्य लावलं तर अडवतात.”

शेवटी त्याने किलोला पाचशे लावले. मावशी अजून म्हणते, कमी लावले.